आजचं चिंतन : ‘कोणाचं ओझं नको’

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मित्रांनो, आजच्या वाचनात गीतेच्या तेराव्या अध्यायातला सातवा श्लोक आहे (काही प्रतींत तो आठवा येतो). ज्ञान कशाला म्हणायचं, हे भगवंत इथे सांगतात. आपल्याला वाटतं, आता ब्रह्म, माया वगैरे काहीतरी मोठं येणार. प्रत्यक्षात येते ती स्वभावाच्या गुणांची यादी. एकट्या या श्लोकात नऊ गुण आहेत. पहिला अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. दुसरा अदंभित्व, म्हणजे दिखावा नसणं. पुढे आचार्योपासना आहे, शौच आहे, स्थैर्य आहे.

हा श्लोक मी कितीदा वाचलाय, त्याची मोजदाद नाही. पण अमानित्व या शब्दाचा अर्थ मला खऱ्या अर्थाने कळला तो गेल्या काही महिन्यांत, कारंज्याच्या आमच्या घरात, लघवीच्या एका पिशवीमुळे. हे वाचून कुणाला संकोच वाटेल. मलाही लिहिताना वाटतोय. आधी बाबांना विचारलं. ते म्हणाले, “लिही. पण नाव नको टाकू.” म्हणून नाव टाकत नाही.

बाबा अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त शिक्षक. त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. आजार ग्रंथीच्या बाहेर गेलेला नव्हता, त्यामुळे डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. ते नागपूरला झालं. काही दिवसांनी आम्ही समृद्धी महामार्गाने त्यांना घरी आणलं. मी पुण्याहून सुट्टी आणि मग घरून काम असं जुळवून आलो होतो. मनात म्हणत होतो, अवघड भाग संपला.

अवघड भाग घरी आल्यावर सुरू झाला.

हे नेमकं काय असतं, ते थोडं सांगतो, कारण आपल्या घरांत याबद्दल कुणी बोलत नाही. प्रोस्टेट ही पुरुषांच्या शरीरातली साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. ऑपरेशनमध्ये ही ग्रंथी काढतात आणि मूत्राशय पुन्हा खालच्या नळीला जोडतात. तो जोड भरून यावा म्हणून कॅथेटर, म्हणजे रबरी नळी, साधारण एक ते दोन आठवडे आत ठेवतात. लघवी त्या नळीतून बाहेरच्या पिशवीत जमा होते. पिशवी भरली की रिकामी करायची आणि ती नेहमी कमरेच्या खालच्या पातळीवर ठेवायची. जड उचलायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही, पण घरातल्या घरात रोज चालायचं, म्हणजे पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. नळी काढल्यावरही लघवीवर लगेच ताबा येत नाही. ती रोखणाऱ्या यंत्रणेचा एक भाग ग्रंथीबरोबर जातो आणि उरलेल्या स्नायूला सगळं काम एकट्याने शिकावं लागतं. त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने, कुणाला वर्षसुद्धा.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी आई-बाबांना एकत्र बसवून सांगितली. ग्रंथीच्या दोन्ही बाजूंनी ज्या बारीक नसा जातात, त्यांना धक्का लागतो. त्यामुळे नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो. तो कधी हळूहळू भरून येतो, कधी येत नाही. मी खोलीबाहेर आलो. तो त्या दोघांचा विषय होता. पण बाबांचा चेहरा मी पाहिला. ज्या गोष्टींवर एखाद्या माणसाने आपलं पुरुषपण न बोलता उभं केलेलं असतं, त्या सगळ्या एकाच दिवशी डळमळल्या होत्या.

घरी पहिल्याच रात्री दोन वाजता न्हाणीघरातून आवाज आला. धावत गेलो. बाबा एका हाताने भिंत धरून उभे, दुसऱ्या हातात पिशवी, तिच्यावर टॉवेल झाकलेला. पाय सरकला होता, थोडक्यात वाचले.

“बाबा, मला हाक का नाही मारली?”

“राहू दे. मले जमते.”

“पडले असते ना!”

“मले कोणाचं ओझं व्हाचं नाई.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पाणी भरपूर प्या असं डॉक्टरांनी बजावलेलं, तर हे पाणीच कमी पिऊ लागले, म्हणजे पिशवी कमी वेळा भरेल. औषधाला नाही म्हणणारा माणूस समजावता येतो. पण “तुमाले त्रास नको” म्हणून स्वतःचं नुकसान करून घेणाऱ्याशी भांडायचं कसं?

आजचा प्रश्न इथेच आहे. ‘मला कुणाचं ओझं व्हायचं नाही’ हा सद्गुण आहे का?

वरून पाहिलं तर आहे. दुसऱ्याला त्रास देऊ नये, हेच तर आपल्याला लहानपणापासून शिकवलं. आपल्या पिढीने तर त्याचा मंत्रच केलाय. एकटं राहतो, स्वतः कमावतो, स्वतःचं स्वतः पाहतो, कुणावर अवलंबून नाही. ताप आला तरी रूममेटला सांगत नाही, ॲपवरून गोळ्या मागवतो. बाबांमध्ये मला जे खटकत होतं, ते माझ्यातही होतं. फक्त मी त्याला चांगलं नाव दिलेलं.

तेव्हा मला गुरुचरित्रातली एक कथा आठवली. आमचं कारंजं म्हणजे श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. तेराव्या अध्यायात स्वामी संन्यासानंतर आई-वडिलांना भेटायला कारंज्याला येतात. मग तिथून निघून गोदावरीकाठाने फिरत वासरब्रह्मेश्वराला पोहोचतात. ते ठिकाण म्हणजे आजचं तेलंगणातलं बासर. तिथे एक ब्राह्मण नदीत जीव द्यायला निघालेला असतो. त्याला पोटशूळ आहे. अन्न पोटात गेलं की असह्य कळा येतात, म्हणून तो दिवसेंदिवस उपाशी राहतो. शेवटी पोटाला दगड बांधून पाण्यात उतरतो. स्वामी शिष्यांना पाठवून त्याला वर आणवतात आणि म्हणतात, आत्महत्या करू नकोस, तुझ्या व्याधीवर औषध आहे.

ते औषध काय? तेवढ्यात कडगंचीचा सायंदेव नावाचा अधिकारी दर्शनाला येतो. (याच सायंदेवाच्या वंशात पुढे गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर झाले.) स्वामी त्याला सांगतात, या माणसाला घरी ने आणि जेवू घाल. सायंदेव घाबरतो. जेवून हा मेला तर पाप माझ्या माथी! तरी तो गुरूंचा शब्द मानतो. तो ब्राह्मण त्याच्या घरी पोटभर जेवतो आणि बरा होतो.

यातला चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. पोटदुखी असेल तर डॉक्टरकडेच जायचं, हे सांगायला नको. पण कथेची मांडणी बघा. स्वामी स्वतः हात फिरवून त्याला बरं करू शकले असते. विभूती देऊ शकले असते. त्याऐवजी त्यांनी त्या माणसाला एका अनोळखी माणसाच्या घरी, त्याच्या पानावर नेऊन बसवलं. ज्याला वाटत होतं की आपण जगून फक्त भार झालोय, त्याला दुसऱ्याच्या हातचं घ्यायला लावलं. आणि ज्याला घ्यायची भीती नव्हती पण द्यायची भीती होती, त्या सायंदेवाला द्यायला लावलं. दोघांचीही परीक्षा एकाच ताटावर झाली. मला तरी ही कथा आता अशीच दिसते.

ही कथा मी बाबांना सांगितली. त्यांना ती माझ्याआधीपासून माहीत, ते काय बोलणार? “हो” म्हणाले आणि पिशवी टॉवेलखाली सरकवली.

कोडं उलगडलं ते आईच्या एका वाक्याने. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “चाळीस वर्सं तुमचा डबा केला, कपडे धुतले, आजारपणं काढली. तवा नाई झालं ओझं? अन् आता एका पिशवीनं झालं?”

बाबा काहीच बोलले नाहीत. मीही नाही.

खरं होतं ते. बाबा आयुष्यभर कुणावर अवलंबून नव्हते, असं आम्ही सगळे मानत आलो. पण सकाळचा चहा, इस्त्रीचा शर्ट, वेळेवर ताट, हे कुठून येत होतं? आईकडून. ती सेवाच होती. फक्त ती दिसत नव्हती, कारण ती ‘ठरलेली’ होती. घेताना मान खाली घालावी लागत नव्हती. ऑपरेशनने बाबांना परावलंबी केलं नाही, ते आधीपासून होतेच. ऑपरेशनने ते दिसायला लावलं, एवढंच. आणि लाज अवलंबून असण्याची नव्हती, ते दिसण्याची होती.

इथे मला अमानित्व समजलं. मान म्हणजे फक्त हार-तुरे आणि स्टेजवरची खुर्ची नव्हे. ‘मी देणारा आहे, घेणारा नाही’ ही मनातली खुर्चीसुद्धा मानच. ती सगळ्यात उशिरा सुटते, कारण ती सद्गुणासारखी दिसते. ‘कुणाला त्रास नको’ या वाक्यात कधी दुसऱ्याची काळजी असते, तर कधी फक्त आपली उंची राखायची धडपड असते. शब्द तेच असतात. ओळखायचं कसं? एक साधी खूण मला सापडली. आपल्या नकाराने समोरच्याचा त्रास खरंच कमी होतोय का? रात्री दोनला न्हाणीघरात पडून मांडीचं हाड मोडलं असतं, तर घराचा त्रास दसपट वाढला असता. तेव्हा तो नकार आमच्यासाठी नव्हता.

आता कुणी म्हणेल, मग लाज सोडूनच द्यायची का? आजारी माणसाला काही लज्जा नसते का?

असते, आणि ती असायलाच हवी. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी आहे, तिच्यात लज्जेलाही जागा दिलीय. म्हणजे लज्जा आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी. लज्जा म्हणते, दार लोटून घे, अंगावर पांघरूण दे. मान म्हणतो, कुणाला कळूच नये. लज्जेची सोय करता येते. आम्ही केली. खोलीच्या दाराला पडदा लावला. पाहुण्यांना भेटायची वेळ ठरवली. पिशवी कधी कुणी रिकामी करायची, ते बाबा सांगतील तसं. दिवसा ते स्वतः करतील, रात्री मला उठवतील. आईला उठवायचं नाही, हा माझा हट्ट. आपल्या घरांत ‘सेवा’ म्हटलं की ती बायको किंवा सून करणार, हे धरूनच चालतात. आईच्या वाक्यानंतर पुन्हा तेच करणं म्हणजे काहीच न ऐकण्यासारखं झालं असतं.

सेवा घेणाऱ्याच्या अहंकाराबद्दल एवढं लिहिलं, तर करणाऱ्याच्या अहंकाराबद्दलही लिहायला हवं. तो माझा होता. नातेवाइकांचे फोन यायचे आणि मी व्हरांड्यात उभा राहून सांगायचो, “हो ना, रात्री दोन-दोनदा उठतो, सगळं मीच करतो बाबांचं.” पलीकडून “धन्य आहे रे बाबा तुझी” असं आलं की बरं वाटायचं. एका दुपारी फोन ठेवून वळलो, तर खिडकीच्या आत बाबा पलंगावर जागेच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले काहीच नाहीत. पण त्या रात्री त्यांनी मला उठवलं नाही. पुन्हा एकटेच गेले.

श्लोकातला दुसरा गुण अदंभित्व आहे. पहिल्याच्या लगेच पुढे. बाबांना अमानित्व शिकवायला निघालेल्या मला दुसऱ्या गुणात शून्य मार्क होते. घेणाऱ्याला ओझं वाटतं, त्याला कित्येकदा देणाऱ्याचा आवाज कारण असतो. सकाळी त्यांच्याजवळ बसलो आणि चुकलो म्हणालो. ते म्हणाले, “पोरा, करणं सोपं हाय. करून चुप राहणं कठीण.” शिक्षक होते ना, शेवटी धडा त्यांनीच दिला.

ज्ञानदेवांनी याच श्लोकातल्या आचार्योपासनेवर भरभरून लिहिलंय. गुरूंच्या सेवेतली कुठलीही गोष्ट त्यांना हलकी वाटत नाही. विडा देणं, त्यांचा थुंकलेला विडाही हातात घेणं, आंघोळीची कामं करणं, हे सगळं आपणच व्हावं अशी त्यांची इच्छा. ते वाचून आपले डोळे पाणावतात. पण घरातल्या पहिल्या गुरूची लघवीची पिशवी समोर आली की नाक वळतं. पहिल्या दिवशी माझंही वळलं होतं.

राहिला शौचाचा प्रश्न. तो बाबांना सगळ्यात जास्त छळत होता. रोज आंघोळ करून सोवळ्यात पूजा आणि पोथी, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. नळी लागल्यापासून देवघराच्या उंबऱ्याबाहेरच बसायचे. “हे घेऊन देवापुढं कसा बसू?”

यावर मी शास्त्रार्थ करणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही. जे घडलं ते सांगतो. कॅथेटरची निगा कशी ठेवायची, हे नर्सताईंनी सांगितलं होतं. पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. नळीच्या तोंडाशी रोज साबण-पाण्याने हळुवार स्वच्छ करायचं. पिशवीचं टोक जमिनीला लागू द्यायचं नाही. ताप आला, नळी तुंबली, लघवीत रक्त वाढलं की लगेच डॉक्टरांना कळवायचं. हे ऐकून मी गोंधळलो होतो. बाबा नाही. आयुष्यभर सोवळं पाळलेला माणूस, कुठल्या वस्तूला कशाचा स्पर्श झाला, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यांनी एवढ्या काटेकोरपणे ते पाळलं की जंतुसंसर्ग अजिबात झाला नाही. एकदा मी हात न धुता पिशवीची चाप उघडायला गेलो, तर ओरडले.

त्याच दिवशी मी म्हटलं, “बाबा, हेच तर शौच आहे. तुम्ही दिवसातून दहा वेळा ते पाळताय.” पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचं नगर म्हटलंय. त्यातल्या एका दाराचं काम सध्या नळीतून चालू होतं. दारं होतीच, त्यातून जे जायचं ते जातच होतं. सोवळं नेसल्याने ते कधी थांबलं नव्हतं. बाबांनी बराच वेळ विचार केला. दुसऱ्या दिवशी खुर्ची उंबऱ्याच्या आत घेतली. पूजा मी केली, त्यांनी मानसपूजा केली. पोथी त्यांनीच वाचली.

नळी निघाली, त्या दिवशी वाटलं सुटलो. मग गळती सुरू झाली. डायपर आले, गादीवर रबरी कापड आलं. सहा-एक आठवड्यांनी पीएसए नावाची रक्ततपासणी झाली. ग्रंथी काढल्यावर हा आकडा जवळजवळ शून्यावर यावा लागतो. तो आला. पुढची काही वर्षं ठरावीक काळाने ती तपासणी होत राहणार, आणि दर वेळी आम्ही दोन दिवस श्वास रोखून बसणार. शिंक आली की अजूनही थोडं गळतं. इतर गोष्टींबद्दल आई-बाबा काय बोलतात, ते मला माहीत नाही. पण संध्याकाळी ओसरीवर दोघं पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसतात, हे खरं.

मागच्या आठवड्यात मी पुण्याला परत निघालो. बॅग भरत होतो. बाबांनी अंगणातून हाक मारली, “बापू, जरा ये बरं. हे बादली उचलून तुळशीपाशी ठेव. मले नाई जमत अजून.”

एवढंच. पण त्या माणसाच्या तोंडून ‘मले नाई जमत’ मी पहिल्यांदा ऐकलं. आवाजात ना लाज होती, ना राग. मी बादली ठेवली. ते “बरं” म्हणाले आणि तुळशीला पाणी घालू लागले.

जाता जाता दोन गोष्टी. पहिली शरीराची. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. लघवीच्या तक्रारी असल्या तरी त्या बऱ्याचदा वयानुसार ग्रंथी वाढल्यामुळे असतात, म्हणून अंदाज बांधत बसू नका. तुमचे बाबा पन्नाशी पार केलेले असतील, तर तपासणीबद्दल त्यांना डॉक्टरांशी बोलायला सांगा. ते स्वतःहून बोलणार नाहीत. वडिलांना किंवा भावाला हा आजार झालेला असेल तर आपली जोखीम साधारण दुप्पट होते. म्हणजे वेळ आली की मलाही हा विषय लाज न बाळगता काढावा लागणार.

दुसरी गोष्ट आजच्या संकल्पाची. रोज आपण ‘आज कुणाला तरी मदत करू’ असा संकल्प करतो. आज उलटं करू. कुणी मदत देऊ केली तर ‘अरे, कशाला उगाच’ न म्हणता घेऊ. लगेच परतफेडीचा हिशेब मांडायचा नाही. आणि रात्री झोपताना एकदा आठवू, आज मला काय काय मिळालं, जे मी मागितलंही नव्हतं आणि मला दिसलंही नव्हतं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥